नऊशे ऐंशी

छोट्या सरांना परदेशात खोली मिळाली तेव्हा तिच्यात एक गादी होती आणि गादीत आधीच्या भाडेकरूचा आकार होता. भाडेकरू गेला होता, आकार मागे राहिला होता. डाव्या कुशीवर झोपणारा, खांद्याला रुंद आणि पायांना आखूड असा कुणी गृहस्थ असावा. छोटे सर अंगानं काडी आणि उजव्या कुशीवर झोपणारे. रोज ते खळग्याच्या काठावर झोपायचे आणि सकाळी खळग्यात सापडायचे.

'छोटे सर' हे अर्थात खरं नाव नव्हे. गावात त्याच्या वडिलांना सगळेच 'सर' म्हणत. दूधवाला, न्हावी, पोस्टमन, इतकंच काय, त्यांची स्वतःची बायकोही. 'सर, भाजी काय आणू?' असं ती विचारायची आणि सर चष्मा वर करून उत्तर द्यायचे. अशा घरात जन्मलेला मुलगा आपोआप छोटे सर होतो, त्याला कुणी विचारत नाही. मात्र या गोष्टीत आपण त्याला अरे-तुरेच करू. परदेशात आल्यापासून त्याला अहो-जाहो करणारं तसंही कुणी उरलं नव्हतं.

सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत. शिकवणारे पुष्कळ असतात, पण सरांची ख्याती होती प्रॅक्टिकलची. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी प्रॅक्टिकलला नापास झाला नव्हता. याला कारण ती प्रयोगशाळा. तिथल्या स्टॉपवॉचपैकी एक धावायचं, एक रेंगाळायचं आणि बाकीची विश्रांती घ्यायची. तराजू पंखा लावला की हवेचं वजन दाखवायचा. मोजपट्ट्यांची टोकं झिजून पहिला सेंटिमीटर कधीच दिवंगत झाला होता. नवीन सामानाचा अर्ज सर दर वर्षी ऑफिसात द्यायचे आणि ऑफिस तो दर वर्षी आदरानं ठेवून घ्यायचं. परीक्षा मात्र वेळेवर यायची, आणि बाहेरून येणारा परीक्षक उत्तर बघायचा, पट्टी बघत नसे.

मग सरांनी मार्ग काढला. त्याला ते 'बसवणं' म्हणायचे. उत्तर पुस्तकात छापलेलं असतंच, तेव्हा उत्तरापासून निघायचं आणि उलट चालत रीडिंगपर्यंत यायचं. 'रीडिंग घ्यायचं नसतं रे बाळांनो,' ते म्हणायचे, 'बसवायचं असतं.' यात त्यांना लबाडी वाटत नसे. पट्टी झिजली म्हणून शिंप्याच्या पोरानं का नापास व्हायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. सरांच्या तालमीतले कितीतरी जण पुढे इंजिनीअर झाले. आज ते पूल बांधतात.

सगळ्यांत लाडका प्रयोग लोलकाचा. दोऱ्याला गोळा टांगायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, गोळा हलवायचा, त्याच्या फेऱ्यांचा वेळ घ्यायचा आणि त्यावरून पृथ्वी किती जोरानं खाली ओढते त्याचा आकडा काढायचा. आकडा नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी आलं की पोरगं पास. इतर मुलं घरी पाढे म्हणायची त्या वयात छोटे सर पाहुण्यांसमोर लोलक म्हणायचा. सर दोऱ्याची लांबी सेंटिमीटरांत सांगायचे, त्यानं नऊशे ऐंशी यायला लागणारा एका फेरीचा वेळ सेकंदांत सांगायचा.

"सत्त्याण्णव?"

"एक पॉइंट अठ्ठ्याण्णव!"

पाहुणे टाळ्या वाजवायचे. त्यांना काय कळायचं ते देव जाणे, पण पोर न अडखळता बोलतंय म्हटल्यावर टाळ्या वाजवायच्याच असतात.

असा हा मुलगा परदेशात मोजमापाचं शास्त्र शिकायला आला. उपकरणं कशी बनवायची, कशी तपासायची, त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, असा तो अभ्यासक्रम. सरांना फार आनंद झाला. म्हणाले, "घराण्यातलंच काम आहे."

खोलीला एक खिडकी होती. ती तळहात बाहेर जाईल इतकीच उघडायची. त्याच्याहून जास्त उघडली तर माणसं उडी मारतात, म्हणून बनवणाऱ्यानंच तशी केली आहे, असं काकानं सांगितलं. काका म्हणजे शेजारच्या खोलीतला सव्वीस वर्षांचा आपल्याकडचाच मुलगा. केस लवकर गेल्यामुळे त्याला हे पद मिळालं होतं. दिवसा तो कॉम्प्युटरवर कसलंसं आकडेशास्त्र शिकायचा आणि संध्याकाळी एका गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावायचा. दोन्हींपैकी कशात करिअर होणार हे त्याला अजून सांगता येत नव्हतं.

"तुम्ही इथं कधीपासून आहात?" छोटे सरनं पहिल्या दिवशी विचारलं.

"दोन हिवाळे झाले. इथं हिवाळेच मोजायचे, उन्हाळा हा अपघात असतो. आणि ते तुम्ही-बिम्ही बंद कर. केस गेलेत, इज्जतीनं आणखी म्हातारा करू नकोस."

"बरं. मग... तू. इथली माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत. कुणी तुझ्या भानगडीत पडणार नाही. तू मेलास तरी आधी दार वाजवतील."

हे खोटं नव्हतं. रस्त्यावर सगळे जण अंत्ययात्रेला उशीर झाल्यासारखे चालायचे, पण धक्का कुणी देत नसे. बसचा ड्रायव्हर त्याला कॉलेजच्या पहिल्या सकाळी हसून नमस्कार म्हणाला. छोटे सरनं त्याला उलट दोनदा नमस्कार केला, कारण तोवर दोन दिवसांत तो काकाखेरीज कुणाशी बोललाच नव्हता. मग ड्रायव्हरनं मागच्या बाईच्या कुत्र्यालाही त्याच आवाजात नमस्कार केला. आभाळ पुसून पुसून मळलेल्या फडक्यासारखं होतं आणि ते पिळायचं अजून बाकी होतं.

प्रयोगशाळेत मात्र लख्ख उजेड. त्यानं सहज एक कपाट उघडून पाहिलं, तर ते उघडलं. स्टॉपवॉच सगळी चालू होती, आणि सगळी एकाच वेगानं. श्रीमंत नातेवाइकाकडे सोफ्याच्या कडेला टेकून बसावं तसा तो स्टुलाच्या कडेवर बसला.

शिकवणाऱ्या बाई पंचावन्नच्या, अंगात ढगळ स्वेटर, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. मला नावानं हाक मारा, असं त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. हे ऐकून छोटे सरच्या तोंडचं पाणी पळालं. आईच्या वयाच्या बाईला नुसतं नावानं? त्यानं तोडगा काढला. त्यानं त्यांना कशानंच हाक मारली नाही. काही विचारायचं असलं की तो त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभा राहायचा.

प्रयोग निघाला लोलकाचा. त्याला भलतंच हायसं वाटलं. एवढ्या लांब येऊन पहिलीच ओळखीची व्यक्ती भेटावी तसं. प्रत्येकानं आपापलं रीडिंग घ्यायचं होतं आणि मदतीला एक जोडीदार. त्याच्या वाट्याला आली एक सतत शिंकणारी मुलगी. तिनं नाव सांगितलं तेव्हा नेमकी मध्ये शिंक आली आणि पुन्हा विचारणं बरं दिसेना, म्हणून मनातल्या मनात त्यानं तिचं नाव शिंकरी ठेवलं.

त्यानं दोरा मोजला. सत्त्याण्णव. गोळा हलवला, वेळ घेतला, गणित केलं. नऊशे एकावन्न.

सत्त्याण्णवला नऊशे एकावन्न? त्यानं इकडेतिकडे पाहिलं. सगळे खाली माना घालून आकडेमोड करत होते. मग त्यानं जे लहानपणापासून केलं तेच केलं. एक पॉइंट अठ्ठ्याण्णवपासून निघाला, उलट चालत आला, आणि चार-पाच रीडिंगं अशी मांडली की त्यांत थोडाफार खराखुरा गोंधळही दिसावा. उत्तर नऊशे ऐंशी. बाबा नेहमी सांगायचे, अगदी एकसारखी रीडिंगं लिहू नका, परीक्षकाला संशय येतो.

शेजारी शिंकरीचं नऊशे त्रेपन्न आलं होतं. खाली तिनं सरळ लिहिलं होतं, 'चुकलंय, का ते कळत नाही.' छोटे सरला तिची दया आली. पोर पहिल्याच प्रॅक्टिकलला नापास होणार.

"मी बसवून देऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

"काय करून देणार?"

त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण 'बसवणे'ला त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता. जो होता त्यासाठी शिक्षा होती. "काही नाही," तो म्हणाला, आणि ती शिंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"जेवलास का?"

"सकाळ आहे इथं, आई."

"मग नाश्ता केलास का? ऐक, रविवारी सरांच्या निवृत्तीचा सत्कार ठरलाय. माजी विद्यार्थ्यांनी मोठा हॉल घेतलाय. तो बिल्डर नाही का, सरांचा लाडका, तो सगळं बघतोय. तुझा दोन मिनिटांचा व्हिडिओ हवाय त्यांना. पडद्यावर लावणार आहेत."

"मी काय बोलू?"

"विषय दिलाय ना. 'सरांचं शिकवणं परदेशात कसं कामाला आलं.' शनिवारपर्यंत पाठव म्हणतायत. आणि केस विंचरून बस, गेल्या वेळी भुतासारखा दिसत होतास. हे घे, सर बोलतायत."

"काय रे, प्रॅक्टिकल सुरू झालं का?" बाबांचा आवाज आला.

"झालं. लोलकच होता."

"अरे वा! किती आलं?"

"नऊशे ऐंशी."

"शाबास," बाबा म्हणाले. ते हसले ते त्याला ऐकू आलं. गेला महिनाभर ते फारसे हसत नव्हते. निवृत्त माणसाला आपण घरात कुठं बसायचं हे ठरवावं लागतं आणि त्यांचं अजून ठरत नव्हतं.

त्या दिवशी वर्गात बाईंनी भिंतीवर सगळ्यांची उत्तरं ठिपक्यांनी मांडून दाखवली. नऊशे पन्नासच्या आसपास ठिपक्यांचा मोठा घोळका होता. आणि तिथून लांब, नऊशे ऐंशीवर, एक ठिपका एकटा. छोटे सरची छाती फुलली. वर्गात पहिला येण्याची त्याला सवय होती, पण पहिल्याच आठवड्यात, परदेशात!

"पट्ट्या खोट्या आहेत," बाई म्हणाल्या. "मीच तशा छापून घेतल्यात. दर वर्षी करते. तुमचं उत्तर चुकायलाच हवं होतं. चुकलेलं उत्तर तुम्ही तसंच लिहिता की नाही, एवढंच मला बघायचं होतं. ज्यांनी 'का चुकलं कळत नाही' असं लिहिलंय, त्यांचं अभिनंदन."

वर्ग हसला, कुणी टेबलं वाजवली. एकट्या ठिपक्याबद्दल बाई काहीच बोलल्या नाहीत. शिंकरीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग बराच वेळ ती रुमालाची घडी घालत बसली. तास संपल्यावर बाई त्याच्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या माझ्याकडे ये. सगळे गेल्यावर."

काका गोदामातून आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. काका आधी पोट धरून हसला, मग टक्कल खाजवत गंभीर झाला.

"सोपं आहे की. उद्या परत करायला लावतील. तू नऊशे पन्नास बसव."

"म्हणजे चुकीचं उत्तर बसवू?"

"मग? तू बसवणाऱ्यांच्या घराण्यातला. उत्तर कुठलं का असेना, कारागिराला काय फरक पडतो?"

पण छोटे सरनं मनाशी पक्कं केलं होतं. उद्या खरंच मोजायचं. दिसेल तेच लिहायचं. एवढं तर कुणालाही जमतं.

बाईंनी त्याला ओरडायला सुरुवात केलीच नाही. त्यानं ते सोसलं असतं. ओरडून घ्यायचा त्याला सराव होता. त्यांनी फक्त कुतूहलानं विचारलं, "कसं काढलंस नऊशे ऐंशी?"

"काळजीपूर्वक मोजलं," तो म्हणाला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, "नाही. उत्तर आधी लिहिलं."

"बरं. आता माझ्यासमोर कर. घाई नाही."

त्यानं दोरा मोजला. सत्त्याण्णव. गोळा हलवला. अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर. त्याला मनापासून नऊशे पन्नास हवं होतं. तो गोळ्याकडे बघत राहिला, फेऱ्या मोजल्या, शेवटच्या फेरीला बटण दाबलं. गणित केलं. नऊशे एकोणऐंशी. पुन्हा केलं. नऊशे ऐंशी. तिसऱ्यांदा करताना कपाळाला घाम आला होता. नऊशे ऐंशी.

बाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. "तू सुरुवातीला बटण जरा उशिरा दाबतोस आणि शेवटी जरा लवकर. आत्ता तू लबाडी करत नव्हतास. मी बघत होते."

"नव्हतो."

"ते जास्त वाईट आहे," बाई म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बोलतात तसा आवाज होता. सोमवारी बाई वर्गाच्या तुकड्या पाडणार होत्या. काही जण प्रयोगशाळेत, काही जण कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या रीडिंगांची आकडेमोड करायला. "एक तरी खरं रीडिंग आण," त्या म्हणाल्या, "नाहीतर सत्रभर तुला उपकरणांना हात लावू देता येणार नाही. आणि पट्टी मी बदलणार आहे. ती किती खोटी, कुठल्या बाजूला खोटी, ते सांगणार नाही."

काकाचा सल्ला असा वाया गेला.

घरी जाताना बस चुकली म्हणून तो चालत निघाला. सिग्नलवर उभं राहून त्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. साधा अंगठा होता. लहानपणी याच अंगठ्यावर बाबांनी स्टॉपवॉचची दोरी गुंडाळली होती. पकड अशी धर, म्हणजे निसटत नाही. खरंच, त्यानंतर कधी निसटलं नव्हतं. समोर हिरवा दिवा लागला, लोक निघून गेले, पुन्हा लाल झाला. हातानं काय पाहायचं हे जर आधीच ठरवलेलं असेल, तर डोळे कशाला दिलेत, असा एक बिनकामाचा विचार त्याच्या मनात आला. त्यानं आजवर पाहिलेलं सगळं असंच बसवलेलं असेल तर? मग तो विचारही थंडीनं आखडला.

शुक्रवारी शिंकरी स्वतःहून प्रयोगशाळेत थांबली.

"तुला परत करायचंय ना? मी मदत करते. त्या दिवशी तू मला मदत करणार होतास."

ती कशाबद्दल बोलते आहे ते कळून तो कानापर्यंत लाल झाला. नव्या पट्टीनं त्यानं लांबी मोजली, वेळ घेतला. नऊशे एक्याऐंशी. पुन्हा. नऊशे ऐंशी. शिंकरी कौतुकानं बघत होती.

"कसं काय करतोस तू? जादू आहे ही."

"माझ्या डोक्यात आहे. लांबी कळली की वेळ आपोआप येतो. लहानपणापासून. माझे वडील विचारायचे."

"लांबी कळली की?" तिनं नाक पुसलं. "मग नको कळायला."

तिनं त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दोरा वर ओढून भलतीकडेच गाठ मारली, स्वतः मोजला आणि आकडा मुठीत झाकला. "हं. आता वळ. घे वेळ."

गोळा हलू लागला. छोटे सर बघत राहिला. डोक्यातून कुणीच काही विचारलं नाही. तिथं इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती आणि ती त्याला मुळीच आवडली नाही. गोळा नुसता गोळा होता. इकडे जात होता, तिकडे जात होता, त्याला कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यानं बटण दाबलं. तिनं मूठ उघडली. गणित झालं.

एक हजार तेरा.

"चुकलं!" शिंकरी ओरडली. "चक्क चुकलं! अभिनंदन!" आणि लागोपाठ शिंकली.

त्यानं कागदाकडे पाहिलं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं रीडिंग. त्याला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. पण घरातल्या उंच फळीवरची काचेची वस्तू हातून पडावी आणि स्वयंपाकघरातून 'काय फुटलं रे?' असा आवाज यायच्या आधी जो क्षण असतो, तसं वाटलं.

बाईंनी आकडा पाहिला, आपल्याकडचा आकडा पाहिला आणि मान हलवली. कसं जमवलं ते त्यानं खरं सांगितलं. "ठीक. सोमवारी प्रयोगशाळेत ये. पण या सत्रात लांबी तू मोजायची नाहीस. ती दुसरं कुणी तरी मोजेल. तू फक्त वेळ."

म्हणजे त्याला राहू दिलं होतं. अर्ध्या प्रयोगापुरतं.

शनिवारी दुपारी काकानं फोन धरला आणि छोटे सर केस विंचरून भिंतीसमोर बसला. तीच एक भिंत अशी होती जिच्यावर ओल नव्हती.

"बोल."

"नमस्कार. मी सरांचा मुलगा. बाबांनी मला जे शिकवलं ते इथं..." तो थांबला. "परत घे."

काकानं परत घेतलं. परत घेतलं. आणखी एकदा घेतलं.

"नमस्कार. बाबांनी शिकवलेलं मला इथं विसरावं... नको. काका, पुसून टाक ते."

"माझा हात दुखतोय रे. गोदामातही इतकी खोकी उचलत नाही मी. खरं सांगायचंय तर सांगून टाक एकदाचं. 'बाबा, तुमची विद्या इथं गुन्हा आहे.' दोन मिनिटांचं काम दहा सेकंदांत. टाळ्या पडतील."

"हॉलमध्ये चारशे माणसं असतील काका. तो बिल्डर असेल. आई पुढच्या रांगेत असेल."

"मग?"

"बाबा स्टेजवर असतील. तोंड पडद्याकडे."

काका फोन खाली करून त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काही तरी विनोद सुचला असावा, पण त्यानं तो गिळला. "मग बसव," तो म्हणाला.

त्यानं बसवलं. शेवटी काय यायला हवं ते माहीत होतंच. बाबांचा चेहरा. तिथून तो उलट चालत आला. "पहिल्याच प्रॅक्टिकलला लोलक होता," तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "आणि पूर्ण वर्गात माझं एकट्याचं नऊशे ऐंशी आलं. हे फक्त बाबांमुळे." आवाज कुठंही अडखळला नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर अडखळायचा नाही, तसाच.

"एका टेकमध्ये," काका म्हणाला. "घराणं ते घराणं."

रविवारी सकाळी फोन आला. पलीकडे कार्यक्रम नुकताच संपला होता. पार्श्वभूमीला खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कुणी तरी माइकमध्ये उगाच 'हॅलो हॅलो' करत होतं.

"अरे, काय बोललास तू!" आई म्हणाली. "सगळा हॉल उभा राहिला. तो बिल्डर रडला, ढसाढसा. सरांना त्यानं काचेचा लोलक दिलाय मानचिन्ह म्हणून. हलत नाही, चिकटवलेला आहे, पण दिसतो छान. थांब, सर बोलतायत."

फोन बाबांकडे गेला. पावलांचा आवाज आला, मग एक दार लागलं आणि माइकवाला बंद झाला. ते बाहेर आले असावेत.

"काय रे."

"बाबा, कसा झाला कार्यक्रम?"

"झाला. बरा झाला." ते थांबले. "पूर्ण वर्गात तुझं एकट्याचंच आलं?"

"हो."

"बाकीच्यांचं किती येत होतं?"

छोटे सरनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत एक माणूस रिकामी कुंडी पुसत होता. "नऊशे पन्नास," तो म्हणाला.

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

बाबा गणित करत होते. ते गणित करताना नाकानं श्वास घेतात, तो त्याला ऐकू येत होता. फार अवघड गणित नव्हतं ते. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

"पट्टी," बाबा म्हणाले.

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. दर वर्षी करतात."

"चांगली युक्ती आहे," बाबा म्हणाले. आणि मग, "आमच्याकडे मुद्दाम करायची कधी गरज पडली नाही."

त्यावर हसायचं होतं की नाही ते छोटे सरला कळेना. बाबाही हसले नाहीत.

"काढून नाही ना टाकलं तुला?"

"नाही. फक्त लांबी मोजू देत नाहीत."

"हं. मीही दिली नसती." पुन्हा श्वास. "तुझं खरं किती आलं? नंतर काढलं असशील ना?"

"एक हजार तेरा."

"बाप रे," बाबा म्हणाले. इतकं वाईट रीडिंग त्यांच्या उभ्या नोकरीत कुणी आणलं नव्हतं. त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य जवळजवळ निघालंच होतं, वेळ जरा कमीजास्त करून बघ, असं काहीतरी. ते त्याला ऐकू आलं, न बोललेलंसुद्धा. मागून दार उघडलं आणि कुणी तरी हाक मारली, "सर, फोटो! सगळे थांबलेत!"

"आलो," बाबा म्हणाले. पण फोन ठेवला नाही. "आईला सांगू नकोस. तिला आवडलं तुझं बोलणं."

"नाही सांगत."

"थंडी किती आहे तिथं?"

हातातल्या फोनवरच आकडा होता, अंश आणि दशांशासकट. छोटे सरनं तो पाहिला नाही. खिडकी उघडायची तितकी उघडली, फटीतून तळहात बाहेर काढला आणि बोटांची जाणीव जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"बरीच आहे, बाबा," तो म्हणाला.